परबांचा फिरता माळा

माझ्या स्वयंपाकघराच्या गॅलरीसमोर चार वर्षं एक माणूस उगवत असे. सकाळी साडेसहाला मी चहाचं आधण ठेवलं की खालून खट्, खट् असे दोन आवाज यायचे, मग एक लांब सुस्कारा, आणि गॅलरीच्या कठड्यापलीकडे पांढरा पत्रा हळूहळू वर यायचा. पत्र्याखाली खाकी कापड, कापडाला खिडकी. खिडकीची चेन सर्रकन उघडली की आत परबांचं डोकं. केस पांढरे, कानामागे खडू.

"गुड मॉर्निंग बाईनू," ते म्हणायचे. "आज आलं घातलात की नाय?"

मी ग्रिलमधून कप पुढे करायची. ते एक घोट घ्यायचे, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचे. चांगला असला तर "पास". साखर जास्त पडली असली तर "डेपोत परत". फुकटचा चहा पिऊन वर हा तोरा! पण मी छत्तीस वर्षं मुलांना नापास केलेली बाई, मला कोणीतरी रोज सकाळी तपासतंय याची हळूहळू गंमत वाटायला लागली होती.

आता हा माणूस हवेत कसा, ते सांगते. आमची सोसायटी मुलुंड पूर्वेची, तीन मजल्यांची, लिफ्ट मागाहून बसवलेली. मी पहिल्या मजल्यावर, दत्ताराम परब आणि सुशीलावहिनी बरोबर माझ्याखाली. त्यांची गाडी माझ्या गॅलरीखाली उभी असायची. लिलावात घेतलेली जुनी फोर-बाय-फोर पिकअप, आणि तिच्या पाठीवर परबांनी स्वतःच्या हातांनी बांधलेलं एक घर. आत बसायला बाक, दोन शेगड्यांचा ओटा, पाण्याची टाकी, आणि वर उघडणारं छप्पर. छप्पर मिटलं की ती गाडी असायची, उघडलं की दीड मजला व्हायचा, आणि त्या वरच्या अर्ध्या मजल्यात दोघांचा बिछाना होता. हल्लीची मुलं याला कॅम्पर म्हणतात. परब म्हणायचे "माळो". आधी नुसत्या वरच्या बिछान्याला म्हणायचे, मग सगळ्या गाडीलाच म्हणायला लागले, आणि त्यांच्यामागून अख्खी सोसायटी.

परब बसच्या डेपोत बॉडी शॉपला होते. पत्रा, रिबीट, खिडकीचं रबर, हे त्यांचं तीस वर्षांचं काम. त्यांच्या डेपोत खराबी दिसली की तिथे खडूनं गोल करायची पद्धत होती, म्हणजे पुढचा माणूस बघेल आणि दुरुस्त करेल. निवृत्त झाल्यावर डेपो सुटला, खडू सुटला नाही. जिन्याची तुटलेली फरशी, लिफ्टचं अडकणारं दार, पाण्याच्या टाकीचं झाकण, जिथे तिथे पांढरे गोल. एक दिवस बघते तर माझ्या गॅलरीच्या ग्रिलला गोल. माझं डोकंच फिरलं.

"परब, माझ्या घराला गोल करणारे तुम्ही कोण?"

"गंजला हां ता."

"गंजू दे! माझं आहे, मी बघेन."

"बरां, बरां," म्हणून डोकं खाली गेलं. दुसऱ्या दिवशी साडेसहाला खट्, खट्, सुस्कारा, आणि परब पॉलिश पेपर आणि लाल ऑक्साइडचा डबा घेऊन उगवले. गाडीच्या बिछान्यावर गुडघ्यांवर बसून त्यांनी सगळं ग्रिल बाहेरून घासलं, रंगवलं. मी आतून गप्प बसून चहा केला. त्या दिवशी आलं जरा जास्तच घातलं. "पास," ते म्हणाले, आणि विषय संपला.

या माणसाला राग यायचा नाही असं नाही. पण तो माणसांवर यायचा नाही, आवाजांवर यायचा. कुरकुरणारं दार, खडखडणारा पंखा, वाजणारी खुर्ची, यांनी त्यांचा जीव कासावीस व्हायचा. कोणाच्याही घरी गेले की आधी खुर्ची हलवून बघायचे. खिशात रबराचे तुकडे असायचेच, एक काढून पायाखाली सरकवायचे, मग बसायचे. माझ्याकडच्या एकूण एक फर्निचरला परबांचं रबर आहे.

आणि एवढ्या बारीक माणसानं एक चूक केली होती. ती सांगितल्याशिवाय परब कळायचे नाहीत.

गाडी त्यांनी सोसायटीच्या मागच्या मोकळ्या जागेत बांधली, आठ महिने. कागदपत्रं चोख, परवानगी घेतलेली, कशात खोट नाही. नारळ फुटला, वहिनींनी चाकांना कुंकू लावलं, आम्ही सगळे टाळ्या वाजवायला उभे. परब सीटवर बसले, गाडी डौलात निघाली आणि फाटकापाशी जाऊन थांबली. फाटकावर लोखंडी कमान. आमचे सेक्रेटरी मेहता यांनी वडिलांच्या नावानं बसवलेली. गाडी कमानीपेक्षा उंच. किती? दोन बोटं.

"परब, फाटक मोजलं नव्हतं?" मी विचारलं.

परब खाली उतरले, कमानीकडे बघत राहिले. मग अगदी खरं आश्चर्य वाटून म्हणाले, "बाईनू, डबलडेकर जायची ओ आमच्या फाटकातून. तीस वर्षांत फाटक मोजूचा असता ह्या माका म्हायतीच नाय."

हसून हसून आमची वाट लागली. मेहतांना म्हटलं, कमान वर उचला. ते म्हणाले, "पप्पांच्या नावाची कमान आहे, हात लावायचा नाय." परबांना म्हटलं, छपरात वहिनींना उकडू नये म्हणून तुम्ही थर्माकोलचा थर दिलाय ना, तो बरोबर दोन बोटं आहे, तेवढा काढा. परब म्हणाले, "हिका उकडात." झालं! एकीकडे पप्पा, दुसरीकडे वहिनी, मधे गाडी.

शेवटी तोड काढली ती परबांनीच. त्यांनी आम्हाला सगळ्यांना गाडीत बसायला सांगितलं. "बसा, बसा. पाटे दबतील." बारा माणसं आत कोंबली, तिसऱ्या मजल्यावरचे पाटील धरून. पाटील म्हणजे दोन माणसं. चाकांवरचे लोखंडी पाटे दबले, गाडी खाली बसली, आणि छप्पर कमानीखालून सरकून बाहेर पडलं. आम्ही रस्त्यावर उतरलो, परब-वहिनी टाटा करत गेले.

तेव्हापासून तो रिवाजच पडला. महिन्यातून दोनदा तरी परबांची हाक जिन्यात घुमायची, "वजनाक येवा होऽऽ!" की आम्ही हातातलं काम टाकून खाली. कोणी दाढी अर्धी, कोणी कणकेच्या हातांनी. वहिनी कमानीखाली उभ्या राहायच्या, मान वर, एका हाताची दोन बोटं उंच धरून. बोटांएवढी फट दिसली की "येवा, येवा" म्हणायच्या, कमी दिसली की ओरडायच्या, "पाटलानू, श्वास सोडा!" गाडी बाहेर पडली की आम्ही उतरायचो, वहिनी चढायच्या. परत आल्यावर पुन्हा तेच उलट्या बाजूनं, आणि मग प्रत्येकाच्या हातावर मालवणी खाजं. सोसायटीत पाण्यावरून, पार्किंगवरून, कुत्र्यावरून भांडणं व्हायची, मी स्वतः त्यात पुढे असायची. पण वजनाला गेलं नाही असं कधी कोणी केलं नाही. जुन्नरच्या डोंगरात नदी ओलांडून गेलो, भंडारदऱ्याला काठावर झोपलो, असं परब सांगायचे तेव्हा आम्हाला वाटायचं, त्यात वीस फूट आपण पण गेलोय.

एका सकाळी मी त्यांना विचारलं, "परब, एवढा खटाटोप कशासाठी? हॉटेलं काय कमी आहेत?"

वहिनी खाली गाडीतल्या ओट्यावर घावणे घालत होत्या. परबांनी आवाज बारीक केला.

"लालबागची खोली बघितलात तुम्ही? नाय ना. दहा बाय बारा. बापूस गिरणीत. खाली सात माणसां. लगीन झाला तेव्हा आमका दोघांक पोटमाळो दिल्यानी. फळयेचो. कूस बदलली काय कुर्र करून वाजायचो. वाजलो काय खालून बाबा खोकायचे." त्यांनी एक घोट घेतला. "सहा वर्षां बाईनू. सहा वर्षां आम्ही बोललो नाय. कुजबुजलो. ही एकदा म्हणाली, माका एकदा तरी माळयावर मोठ्यान् हसूचा हा. मी म्हटलां, करतंय कायतरी."

"मग?"

"मग काय? मुलगो झालो, मोठी खोली झाली, ह्या घर झाला, मुलगो बंगळूरला गेलो. ता रवलाच. आता केलां." त्यांनी मुठीनं बिछान्याखालची फळी ठोकली. आवाज आला नाही. "प्रत्येक जोडाक रबर हा. वरती नाचलात तरी खाली कळाचा नाय. आणि त्या माळयाक खिडकी नव्हती. हेका तीन हत."

खरं सांगायचं तर डोळे भरून आले होते, आणि ते परबांना दिसू नयेत म्हणून मी उगाच गॅस बघायला आत गेले. त्यानंतर कधीकधी रविवारी सकाळी माझ्या गॅलरीखालून वहिनींचं हसणं ऐकू यायचं. चांगलं खणखणीत. ते ऐकलं की माझा दिवस चांगला जायचा.

पुढे दोन गोष्टी एकाच वर्षात झाल्या. वहिनींचे गुडघे गेले, आणि सोसायटी रीडेव्हलपमेंटला गेली. नव्या टॉवरमध्ये पार्किंग मशीनचं, गाडी ट्रेमध्ये ठेवायची आणि ट्रे वर जाणार. त्यात परबांची गाडी मावायची सोयच नव्हती. तोवर सगळ्यांनी भाड्याच्या घरात जायचं. महिनाअखेर जागा रिकामी करून द्यायची होती.

परबांचा पहिला विचार गाडी गावी नेऊन ठेवायचा होता. वहिनींनी तो मोडून काढला. मी तिथेच होते, म्हणून त्यांचे शब्द सांगते.

"आयकलात? गावाक नेऊन काय करतलात? कोंबड्यो बसतील तेच्यात. माका आता वर चढूक येणा नाय. मी चढणंय नाय म्हणून तुम्ही पण खाली बाकार झोपतात. माळो रिकामो. रिकामो माळो काय करूचो? कोणतरी झोपाक होयो तेच्यात."

दुसऱ्या दिवशी सकाळी छप्पर वर आलं तेव्हा परब म्हणाले, "बाईनू, जाहिरात लिवा. पण एक सांगतंय. माळो मोडणाऱ्याक मी देऊचंय नाय. गाडी भंगारात गेली तरी चालात."

मी शाळेत निबंध शिकवलेली बाई. झकास जाहिरात लिहिली. 'निसर्गाच्या कुशीत स्वतःचं घर,' वगैरे. परबांनी वाचली आणि म्हणाले, "डेपोत परत."

"का?"

"खराबी खंय हा हेच्यात?"

"परब, जाहिरातीत खराबी लिहितात का कोणी?"

"ड्रायव्हरच्या हातात गाडी देताना खराबी सांगूची लागता. नायतर तो घाटात मरता."

आणि त्यांनी सांगितलेली जाहिरात मी जशीच्या तशी फोनवर टाकली: वर उघडणाऱ्या छपराची, डोंगरात जाणारी, घरी बांधलेली गाडी विकणे आहे. दुसरा गिअर थंडीत कुरकुरतो. पाण्याची टाकी अर्धी झाली की पंप दम खातो. डावी खिडकी जोरात लावावी लागते. सोसायटीच्या फाटकातून बाहेर काढायला बारा माणसं लागतात, ती आम्ही देऊ.

मला वाटलं, कुत्रं फिरकणार नाही. पण लोक आले. बहुतेक 'बारा माणसं' वाचून आले. येणाऱ्यांसाठी परबांनी सगळ्या गाडीवर खडूनं गोल करून ठेवले होते, एकूण अकरा. गिअरच्या दांड्यावर, पंपावर, खिडकीवर. आणि एक माळ्यावर जायच्या शिडीच्या तिसऱ्या पायरीवर. ती पायरी मी नीट बघितली. घट्ट, गुळगुळीत, काही झालेलं नव्हतं.

"हिच्यात काय खराबी?" मी विचारलं.

"उंच हा," ते म्हणाले आणि दुसरीकडे बघायला लागले. त्या तिसऱ्या पायरीवर पाय टाकायलाच वहिनींचा गुडघा वळेनासा झाला होता.

पहिलं जोडपं अंधेरीचं. दोघांच्या हातात फोन, तोंड फोनकडे. "अंकल, हे वरचं बंद करून सोलर टाकता येईल ना? आणि बाहेरून पूर्ण गुलाबी?" परबांनी त्यांना खिडकी कशी लावायची ते दाखवलं, चहा पाजला आणि वाटेला लावलं. मग घाटकोपरचा एक सँडविचवाला आला. भला माणूस होता, सगळ्यांत जास्त पैसे तोच द्यायला तयार होता, त्याच जागी रोख.

"खाली काउंटर करतो, वर माल ठेवतो," तो म्हणाला.

"वर काय ठेवतलात?"

"बटाटे. कांदे."

परबांनी दोन्ही हात जोडले. तो गेल्यावर मी मात्र तडकले. "परब, महिनाअखेरीला आठ दिवस राहिलेत! कोण येणार आहे आता, कुठला राजा? बटाटे तर बटाटे!"

परब खिडकीत हनुवटी टेकून बसले होते. पहिल्यांदाच मला ते म्हातारे दिसले. "बाईनू," ते म्हणाले, "मी सहा वर्षां तेच्यासाठी गप रवलंय. बटाटे ठेवूक नाय." मला माझ्याच बोलण्याची लाज वाटली. मी कपबशी घेऊन आत गेले आणि रागारागानं भांडी घासली.

रविवारी चेंबूरहून वानखेडे पती-पत्नी आले. दोघंही पन्नाशीतले. ते वीजजोडणीच्या कामातून नुकतेच सुटलेले, त्या सरकारी दवाखान्यात नर्स. मूळचे वाशिमकडचे. स्कूटरवरून उतरले, जाहिरातीची प्रिंट हातात. वानखेड्यांनी आल्या आल्या एकेक गोल बघायला सुरुवात केली, वाकून, बोट फिरवून. दहाव्या गोलापाशी म्हणाले, "हे पुसू नका हं काका. मी एकेक करून काढतो." परबांनी माझ्याकडे बघितलं. मी गॅलरीत होते, मी पण बघितलं.

वानखेडेबाईंनी चपला काढल्या, पदर खोचला आणि शिडी चढून सरळ माळ्यावर गेल्या. तिसरी पायरी त्यांना लागलीसुद्धा नाही. वर जाऊन आडव्या झाल्या. मग त्या डाव्या कुशीवर वळल्या, उजव्या कुशीवर वळल्या, पुन्हा डाव्या. मला खिडकीच्या जाळीतून दिसत होतं. मग खाली हाक मारली, "अहो, ऐकू येतंय का खाली?"

"काय?" वानखेडे खालच्या बाकावरून म्हणाले.

"मी हलतेय ते."

"नाही."

"आता?"

"नाही गं. झोपली का?"

"अहो, मी उड्या मारतेय!" आणि त्या माळ्यावर इतक्या मोठ्यानं हसल्या की पाटील गॅलरीत आले. "तुमच्या आईच्या खोलीत असं हसले असते तर घरातून काढलं असतं मला!"

खाली सुशीलावहिनी खुर्चीत बसून वाटाणे सोलत होत्या. त्यांचा हात थांबला. परब गाडीच्या दारात उभे होते, तेही थांबले. दोघांनी एकमेकांकडे बघितलं, आणि मी देवाशपथ सांगते, दोघं लाजले. सत्तरीच्या घरातली माणसं!

वानखेडेबाई खाली आल्या तेव्हा परबांनी खिशातून रुमाल काढला, वाकले आणि तिसऱ्या पायरीवरचा गोल पुसून टाकला.

"ही खराबी राहू दे ना काका, मी बघतो," वानखेडे म्हणाले.

"ही तुमची नाय," परब म्हणाले. "पास."

व्यवहार पाच मिनिटांत झाला. किंमत कोणी वाढवली नाही, कोणी पाडली नाही.

गाडी न्यायला ते शनिवारी येणार होते, आणि शुक्रवारी माझ्या लक्षात आलं की आमच्याकडे वजनच नाही. सोसायटी जवळजवळ रिकामी झाली होती. पाटील ऐरोलीला, मेहता ठाण्याला, दुसरा मजला भांडुपला. उरलो मी, परब-वहिनी आणि वॉचमन. परब म्हणाले, "चाकांची हवा काढूया." ते म्हणताना त्यांचा चेहरा मला बघवेना. मी घरात आले आणि सोसायटीच्या ग्रुपवर एक ओळ टाकली: उद्या सकाळी दहा. वजनाला या. शेवटचं.

शनिवारी पावणेदहाला पहिली रिक्षा थांबली. मग दुसरी. ऐरोलीहून पाटील आले, बायकोला घेऊन. भांडुपची सगळी पलटण आली. मेहता ठाण्याहून गाडी काढून आले, इस्त्रीचा शर्ट घालून. मी म्हटलं, "मेहता, पुढच्या महिन्यात कमान पाडणारच आहेत. आज गॅस कटरवाला बोलावला असता तर?" मेहता म्हणाले, "बाई, आज पप्पा पण वजनाला बसले असते." या माणसाशी मी चार वर्षं भांडले होते. मी त्याला चहा दिला.

परबांनी नारळ ठेवला. वानखेड्यांना विचारलं, "मी गाऱ्हाणां घालतंय, तुमका चालात मा?" वानखेडे म्हणाले, "घाला की. आम्ही पण त्रिशरण म्हणू. गाडीला दोन्ही चालेल." आधी त्या दोघांनी हात जोडून शांतपणे त्रिशरण म्हटलं. मग परब बॉनेटपुढे उभे राहिले, टोपी सारखी केली.

"बा देवा म्हाराजा! आज ही गाडी वानखेड्यांच्या हातात देतंय. तेंचो रस्तो सरळ ठेव, पाटे शाबूत ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही सगळे ओरडलो. वानखेडेबाई सगळ्यांत मोठ्यानं.

"माळयावर जी कोण झोपतील तेंका झोप दी. आणि हसूक दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

वानखेडे ड्रायव्हरच्या सीटवर बसले. परबांनी सवयीनं त्याच दारावर हात ठेवला, मग थांबले आणि मागे आले. "आज मी ड्रायव्हर नाय," ते म्हणाले, "आज मी वजन." वहिनींना त्यांनी हाताला धरून मागच्या दारातून आत घेतलं, बाकावर आपल्या शेजारी बसवलं. आजवर वहिनी कमानीखाली उभ्या राहायच्या, वजनाला कधी बसल्याच नव्हत्या. मग बोटं कोण धरणार? सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी कमानीखाली जाऊन उभी राहिले, मान वर केली, दोन बोटं धरली.

गाडी आली. आत सोळा माणसं. पाटील खिडकीतून म्हणाले, "बाई, श्वास सोडू का?" मी म्हटलं, "सोडा आणि घेऊ नका!" छप्पर कमानीखालून गेलं, आणि माझ्या दोन बोटांत अख्खी फट होती. शिवाय थोडी जास्तच.

रस्त्यावर गाडी थांबली. माणसं एकेक करून उतरायला लागली, आणि प्रत्येक माणसाबरोबर गाडी जराशी वर येत गेली. पाटील उतरले तेव्हा चांगलीच आली. शेवटी मागे बाकावर दोघंच राहिले. कोणी घाई केली नाही. वहिनी म्हणाल्या, "आयकलात? उतरूया." परब म्हणाले, "थांब गो जरा." मग ते उतरले, वहिनींना उतरवलं, आणि हाताचा तळवा गाडीच्या मागच्या पत्र्यावर ठेवून उभे राहिले. पत्रा त्यांच्या हाताखालून सावकाश वर आला.

"चला," ते वानखेड्यांना म्हणाले, आणि हात काढला.

आमच्या रस्त्याच्या टोकाला एक स्पीड ब्रेकर आहे, खडबडीत, कोणाचीही गाडी खडखडून काढणारा. गाडी त्याच्याजवळ गेली तसा परबांनी हात वर केला. आम्ही सगळे एकदम गप्प झालो. सोळा-सतरा माणसं फाटकाबाहेर कान देऊन उभी. पुढची चाकं चढली, उतरली. मागची चढली, उतरली. गाडी वळली आणि दिसेनाशी झाली.

"नाय वाजली," वहिनी म्हणाल्या.

"कशी वाजात?" परब म्हणाले. त्यांनी वहिनींचा हात धरला होता, आणि भर रस्त्यात, एवढ्या माणसांसमोर, तो सोडायचं त्यांना सुचलंच नाही. मग मान वर करून माझ्या गॅलरीकडे बघितलं. आज ती त्यांना बरीच उंच वाटली असावी.

"बाईनू, चाय ठेवतलात?"

"ठेवते," मी म्हटलं. "पण लिफ्ट बंद केलीय, आज जिना चढून यायचं. दोघांनी."

वहिनी हसल्या, चांगल्या मोठ्यानं, आणि ते दोघं एकेक पायरी घेत माझ्याकडे वर यायला निघाले.